मेलबर्नमधील परसबाग पाडव्याला सुरू करावी: नव्याने आलेल्या कुटुंबासाठी मार्गदर्शन

मेलबर्नमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाने घरामागच्या जागेत चार भाज्या लावण्याचा विचार बोलून दाखवला, की शेजाऱ्यांपासून बनिंग्ज या बागकाम-हार्डवेअरच्या दुकानातील विक्रेत्यापर्यंत सगळ्यांकडून एकच सल्ला मिळतो: नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, टोमॅटोची रोपे लावावीत. सल्ला अनुभवाचा आहे, कारण तोपर्यंत माती पुरेशी तापलेली असते आणि रात्रीची थंडी ओसरलेली असते. परंतु ज्यांचे आईवडील भारतात आहेत, अशा कुटुंबाच्या वर्षात तो सहसा बसत नाही. शाळा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुटतात आणि जानेवारीच्या अखेरीस भरतात, त्यामुळे मुलांना घेऊन पुण्या-नाशिकला जायचे तर तोच काळ हाताशी असतो. टोमॅटोला दररोज पाणी हवे असते आणि पहिली फळे रंग धरू लागतात, नेमके तेव्हा घराला कुलूप लागते.

म्हणून या लेखाचे सांगणे असे, की पहिली लागवड मार्च-एप्रिलमध्ये, गुढीपाडव्याच्या आगेमागे करावी. दक्षिण गोलार्धात मार्च ते मे हा उन्हाळा संपून थंडीकडे झुकणारा काळ असतो, आणि महाराष्ट्रात दसरा-दिवाळीच्या सुमारास जे रब्बीचे म्हणून पेरले जाते, म्हणजे मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, मटार, लसूण, ते येथे पाडव्याला पेरता येते. या भाज्यांना पाणी कमी लागते, त्यांच्यावर कीड कमी पडते आणि त्या तयार होतात तेव्हा कुटुंब घरी असते. जानेवारीत येऊन पोहोचलेल्या कुटुंबालाही तयारीसाठी दोन महिने मिळतात. पुढील पायऱ्या त्या दोन महिन्यांपासून सुरू होतात.

पहिली पायरी: ऊन कोठून येते ते पाहावे

महाराष्ट्रात हिवाळ्यातले ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. मेलबर्नमध्ये ते उत्तरेकडून येते, आणि भर दुपारी सूर्य कधीच दक्षिणेला जात नाही. हे वाचताना सोपे वाटते, पण दिशांची जन्मभराची सवय एका विमानप्रवासात बदलत नाही, आणि वाफ्याची जागा चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंश वर असतो, तर जूनच्या अखेरीस तो जेमतेम २९ अंशांपर्यंत चढतो. दोन घरांमधले लाकडी कुंपण बहुधा १.८ मीटर उंच असते, आणि जूनमधल्या भर दुपारीही त्याची सावली तीन मीटरहून लांब पडते. परिणामी, उत्तरेकडच्या कुंपणाला लागून केलेला वाफा जानेवारीत उन्हाने न्हाऊन निघालेला दिसला, तरी मे ते ऑगस्ट तो सावलीतच राहतो, आणि आपली मुख्य लागवड तर त्याच महिन्यांत उभी असणार आहे. वाफा शक्यतो अंगणाच्या दक्षिणेकडील भागात, उत्तरेचे ऊन अडणार नाही अशा जागी करावा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ उन्हाळ्यात दुपारनंतर इतकी धग असते की कुंडीतली मुळे भाजून निघतात. ती जागा भाज्यांसाठी सोडून द्यावी.

पाहणीसाठी एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता घरामागच्या जागेची छायाचित्रे काढावीत आणि सावलीच्या कडा जमिनीवर खडूने किंवा खुंट्या ठोकून आखाव्यात. हे काम मुलांकडे द्यावे. ती ते आपल्यापेक्षा नेमके करतात. पालेभाज्यांना दिवसाचे चार तास ऊन पुरते, टोमॅटो-मिरची-वांग्यांना मात्र किमान सहा तास हवे असते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे त्या काळात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकनंतर, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी: परवानग्या

भाड्याच्या घरात भाजीचा वाफा करायचा असेल तर घरमालकाची संमती लागते, पण व्हिक्टोरिया राज्याच्या नियमांनुसार ती त्याला वाजवी कारणाशिवाय नाकारता येत नाही. संमती ईमेलवर लेखी घ्यावी आणि खोदण्याआधीच्या जागेचे छायाचित्र जपून ठेवावे, कारण घर सोडताना जागा पूर्ववत करून द्यावी लागते. वर्षभरात घर बदलण्याची शक्यता असेल तर सरळ कुंड्याच कराव्यात. फक्त लाकडी डेकवर किंवा फरशीवर त्यांच्या तळाचे डाग पडू देऊ नयेत, नाहीतर हिशेब बॉन्डच्या, म्हणजे घर घेताना भरलेल्या अनामत रकमेतून होतो.

कुदळ मारण्यापूर्वी बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया या मोफत सेवेकडून जमिनीखालच्या गॅस, वीज आणि दूरध्वनी वाहिन्यांचे नकाशे मागवावेत. मीटरपासून घरापर्यंतच्या खासगी वाहिन्या त्यांत बहुधा नसतात, म्हणून त्या बाजूला हातानेच आणि हळूहळू खोदावे. घरासमोर पदपथालगत असलेली गवताची पट्टी, जिला नेचर स्ट्रिप म्हणतात, नगर परिषदेच्या मालकीची असते. तिचे गवत कापणे आपल्याकडे असले तरी तेथे काही लावण्याआधी परिषदेचे नियम पाहावेत. गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जात असेल, तर ते सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ च्या आधी, शनिवार-रविवारी व सार्वजनिक सुट्टीला सकाळी ९ च्या आधी, आणि कोणत्याही दिवशी रात्री ८ नंतर चालवता येत नाही. शेजाऱ्यांशी पहिली ओळख तक्रारीतून होऊ नये, एवढ्यासाठी तरी ही वेळ पाळावी.

तिसरी पायरी: माती

मेलबर्नची माती उपनगरागणिक बदलते. टार्नीट, ट्रुगानिना, विंडम व्हेल, मेल्टन या पश्चिमेकडच्या भागांत, जेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेली चिकणमाती आहे. पावसात ती बुटाला लाडवासारखी चिकटते आणि फेब्रुवारीत तिला हाताचे बोट जाईल अशा भेगा पडतात. मराठवाड्यातली काळी रानं पाहिलेल्याला ती लगेच ओळखीची वाटेल. उलट सँड्रिंगहॅम, मॉर्डिअलॉक अशा दक्षिणेकडच्या किनारी उपनगरांत वाळूमिश्रित माती आहे, जिच्यातून पाणी थांबल्याशिवाय खाली जाते. शिवाय नव्या वसाहतीत बांधकामाच्या वेळी वरचा सुपीक थर खरवडून नेलेला असतो आणि खाली चिकणमाती, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे उरतात.

आपली माती कोणती हे कळण्यासाठी मूठभर ओलसर माती घेऊन तिचा गोळा करावा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढावी. गोळाच होत नसेल तर माती वाळूची आहे. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता लोंबत असेल तर ती पक्की चिकण आहे. चिकणमातीवर जिप्सम पसरून आणि शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून ती हळूहळू भुसभुशीत होते, पण याला एक-दोन वर्षे लागतात. वाळूच्या मातीला सेंद्रिय खत वारंवार द्यावे लागते. घर १९७० च्या आधीचे असेल तर जुन्या रंगातले शिसे भिंतीलगतच्या मातीत उतरलेले असू शकते, म्हणून तेथे खाण्याच्या वस्तू लावण्याआधी मातीची तपासणी करून घ्यावी.

पहिल्या वर्षी मातीशी झगडत बसण्यापेक्षा जमिनीवर उंच वाफा ठेवणे हा माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. वाफ्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. खोली किमान ३० सेंटिमीटर हवी. पन्हाळी पत्र्याचे तयार वाफे टिकाऊ असतात. लाकूड वापरायचे असेल तर हिरवट छटेचे जुने, आर्सेनिकयुक्त रसायनाने मुरवलेले फळकुट रस्त्यावरच्या भंगारातून उचलून आणू नये. आता हिशेब पाहावा: २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफ्याला सुमारे ०.८६ घनमीटर माती लागते, म्हणजे २५ लिटरच्या जवळजवळ ३५ पिशव्या. त्यापेक्षा लँडस्केप यार्डमधून, म्हणजे माती-खडी सुटी विकणाऱ्या वखारीतून, भाजीपाल्याची मिश्र माती घनमीटरच्या भावाने घेणे कितीतरी स्वस्त पडते, आणि अनेक यार्ड तेवढ्यापुरता ट्रेलरही देतात. वाफा काठोकाठ भरावा, कारण काही आठवड्यांत माती हमखास खाली बसते.

कुंड्यांसाठी मात्र पिशवीतले पॉटिंग मिक्सच घ्यावे. पिशवीवर ऑस्ट्रेलियन मानकाच्या खुणा असतात: लाल खुणांचे मिश्रण उच्च प्रतीचे आणि खत घातलेले असते, काळ्या खुणांचे साधे. अगदी स्वस्त, खुणा नसलेले मिश्रण म्हणजे बरेचदा लाकडाचा भुसाच असतो. त्याच पिशवीवर एक इशाराही छापलेला असतो आणि तो गांभीर्याने घ्यायचा आहे. पॉटिंग मिक्स आणि कंपोस्टमध्ये लेजिओनेला जातीचे जिवाणू असू शकतात, त्यांची धूळ श्वासावाटे आत गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ज्येष्ठांना हा धोका अधिक असतो. पिशवी मोकळ्या हवेत, चेहरा दूर ठेवून उघडावी, मिश्रणावर आधी पाणी शिंपडावे, मास्क आणि हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

चौथी पायरी: पाणी

मेलबर्नमध्ये पावसाळा नावाचा ऋतू नाही. वर्षाचा सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुण्यापेक्षा किंचित कमीच, बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आणि पश्चिमेकडच्या उपनगरांत तो आणखी कमी असतो. राज्यात पाणी वाचवण्याचे कायमस्वरूपी नियम आहेत: तुषार किंवा ठिबक यंत्रणा संध्याकाळी ६ ते सकाळी १० या वेळेतच चालवायची, तर बंद-चालू करता येणारी नळी हातात धरून पाणी केव्हाही देता येते. अंगणातली फरशी किंवा गाडी उभी करण्याची जागा नळीने धुणे सर्वसाधारणपणे चालत नाही. सडासंमार्जनाची सवय बादलीवर आणावी.

माती उघडी ठेवू नये. वाटाण्याच्या काडाचे किंवा उसाच्या पाचटाचे पाच-सात सेंटिमीटर आच्छादन बुंध्यापासून थोडे दूर पसरावे. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडून, खंडाच्या अंतर्भागातून येणारा वारा तापमान ४० अंशांपार नेतो आणि संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला की तेच तापमान अर्ध्या तासात दहा-पंधरा अंशांनी उतरते. अशा दिवशी पाणी पहाटे द्यावे आणि रोपांवर शेडनेट टाकावे. जुनी पांढरी चादरही चालते.

पाचवी पायरी: पाडव्याची पेरणी

एप्रिलमध्ये शाळांना सुमारे दोन आठवड्यांची सुट्टी असते. पेरणी तिच्या आधी किंवा तिच्यातच उरकावी. मेथी सर्वांत सोपी: ओळीने दाट पेरली की महिन्या-सव्वामहिन्यात जुडी निघते आणि दर पंधरवड्याला एक ओळ पेरत गेल्यास हिवाळाभर पुरते. पालक, शेपू आणि मुळा यांनाही हाच काळ मानवतो. कोथिंबीर येथे उन्हाळ्यात पेरणाऱ्यांची निराशा ठरलेली असते, कारण ऊन वाढले की पाने धरण्याऐवजी ती थेट फुलावर जाते; मार्च ते सप्टेंबर मात्र ती उत्तम येते. धणे पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन डाळी कराव्यात आणि पेराव्यात. बी मात्र पेरणीसाठी विकले जाणारे, पाकिटातले घ्यावे. किराणा दुकानातले मेथीदाणे आणि धणे खाण्यासाठी म्हणून आयात झालेले असतात, पेरण्यासाठी नव्हे.

लसूण एप्रिल-मेमध्ये लावावा. त्यासाठी ऑस्ट्रेलियात पिकलेला गड्डा घ्यावा, कारण परदेशातून आलेल्या लसणाला बंदरावर धुरी दिलेली असू शकते आणि तो नीट रुजेलच असे नाही. टोकाची बाजू वर ठेवून पाकळ्या वीतभर अंतराने दाबाव्यात. जुलैमध्ये हिरवी पात खुडता येते, आणि पाने खालून पिवळी पडू लागली की पाणी तोडून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे बहुधा विमानात बसण्यापूर्वीच, गड्डे उपटून सावलीत टांगता येतात. मटारही थंडीचाच, त्याला दोन काठ्या आणि जाळी लावावी, आणि शेंगा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतील अशी आशा मुलांच्या घरात धरू नये.

ज्यांना त्या वर्षी भारतात जायचे नाही त्यांनी टोमॅटो, मिरची, वांगी नोव्हेंबरमध्ये अवश्य लावावीत. भेंडी, दुधी, कारली यांना मेलबर्नचा उन्हाळा तोकडा पडतो, म्हणून त्यांचे बी ऑक्टोबरमध्ये घरात, खिडकीजवळच्या उबेत रुजवून रोपे नोव्हेंबरअखेर बाहेर काढावीत. जायचेच असेल आणि तरीही मोह आवरत नसेल, तर चेरी टोमॅटोची एक-दोन रोपे तळाशी पाणी साठवणाऱ्या कुंडीत लावून शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवावीत आणि फळे त्यांनीच खावीत असे मोकळेपणाने सांगावे.

सहावी पायरी: आपली म्हणून हवी असलेली रोपे

कढीपत्त्याची फांदी, अळूचे कंद, भाज्यांचे बी किंवा वृंदावनातली माती भारतातून आणू नये, आणि भेटीला येणाऱ्या आईवडिलांनाही हे निघण्याआधीच सांगावे. विमानात भरायच्या प्रवेशपत्रावर वनस्पतिजन्य वस्तू जाहीर कराव्या लागतात. न सांगता आणल्यास मोठा दंड होतो. हा नियम निव्वळ कागदी नाही. विदर्भातल्या संत्राबागायतदारांना परिचित असलेला ग्रीनिंग हा रोग ऑस्ट्रेलियातील लिंबूवर्गीय बागांत अजून शिरलेला नाही, आणि तो पसरवणारी सायला ही कीड कढीपत्त्याच्या पानांवर जगते.

कढीपत्त्याचे रोप येथील रोपवाटिकांत मिळते. मात्र ‘करी प्लँट’ या नावाने विकले जाणारे, रुपेरी-करड्या, सुईसारख्या पानांचे झुडूप वेगळेच आहे; त्याला मसाल्याचा वास येतो, पण ते फोडणीचे नव्हे. खरे रोप काळ्या कुंडीत, उत्तरेकडे तोंड असलेल्या, उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवावे, म्हणजे भिंतीची ऊब त्याला रात्रीही मिळते. जून ते ऑगस्ट पाने पिवळी पडून गळतात, काही वेळा नुसती काडी उरते, आणि बहुतेक लोक याच वेळी घाबरून खत घालतात, पाणी वाढवतात आणि मुळे कुजवतात. या काळात माती जवळजवळ कोरडी होऊ द्यावी, कुंडी बदलू नये, छाटणी करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवी पालवी दिसली, की मग खत द्यावे. समुद्री शेवाळाचे सीसॉलसारखे द्रावण हे टॉनिक आहे, खत नव्हे. दोन्हींत गल्लत करू नये.

तुळस येथे बाहेर थंडीत टिकत नाही, म्हणून एप्रिलअखेर ती उन्हाच्या खिडकीत आत घ्यावी आणि मंजिऱ्यांचे बी जपून ठेवावे. अळू उन्हाळ्यात मोठ्या कुंडीत, पाण्याच्या ताटलीत जोमाने वाढतो, पण शोभेची म्हणून विकली जाणारी ‘एलिफंट इअर’ जातीची रोपे बरेचदा खाण्याची नसतात आणि त्यांची पाने घशाला अपाय करतात. अळू खात्रीच्या माणसाकडूनच घ्यावा. दूर्वा मात्र विकत आणायची गरज नाही, कारण येथे लॉनसाठी लावले जाणारे साधे काउच गवत म्हणजे तीच वनस्पती. ते हिवाळ्यात तपकिरी पडते आणि गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात येतात तेव्हा नुकते हिरवे होऊ लागलेले असते, म्हणून लॉनचा एक उन्हाचा तुकडा कापायचा राखून ठेवावा. दसऱ्याला झेंडू फुलवायचा तर बी ऑगस्टमध्येच घरातल्या उबेत टाकावे लागते. दिवाळीपर्यंत तो अधिक भरवशाने येतो.

एक लिंबाचे झाड असावेच. थंडीला मेयर ही जात चांगली तोंड देते. फांद्यांवर बोटाएवढ्या गाठी दिसल्या तर त्या गॉल वास्प या छोट्या माशीच्या असतात. आतले कीटक वसंतात बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्ट संपण्याआधी, त्या फांद्या कापून टाकाव्यात.

सातवी पायरी: वाफ्यातले पाहुणे

रात्रीत कोवळी पाने कुरतडली गेली असतील तर पॉसम या रात्री फिरणाऱ्या, झाडांवर राहणाऱ्या प्राण्यावर संशय घ्यावा. तो संरक्षित प्राणी आहे, त्याला पकडून दूर नेऊन सोडता येत नाही. जाळी हाच उपाय. व्हिक्टोरियात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचे छिद्र ताणलेल्या स्थितीत ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही, कारण मोठ्या छिद्रांत वटवाघळे आणि पक्षी अडकून मरतात. जाळीतून बोट आरपार जात असेल तर ती घेऊ नये. मार्च ते मे या काळात गोगलगायी मेथीचा फडशा पाडतात. त्यांच्यासाठी लोहयुक्त गोळ्या वापराव्यात, कारण मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना घातक असतात. कुंड्यांमागे आखूड पायांचा, जाडजूड, निळी जीभ काढणारा सरडा दिसला तर तो साप समजून मारू नये. ब्लू-टंग निरुपद्रवी असतो आणि गोगलगायी खातो.

खरे साप, म्हणजे टायगर आणि ईस्टर्न ब्राउन, शहराच्या कडेच्या वसाहतींत उन्हाळ्यात निघतात. गवत आखूड ठेवावे आणि लाकडे, पत्रे भिंतीशी रचू नयेत. सर्पदंश झाल्यास जखम धुऊ किंवा कापू नये, संपूर्ण अवयवावर घट्ट पट्टी बांधून माणसाला हलू न देता ००० क्रमांकावर फोन करावा. पाठीवर लाल पट्टा असलेली रेडबॅक कोळीण रिकाम्या कुंडीच्या काठाखाली आणि बाहेर ठेवलेल्या बुटांत बसते. हातमोजे घालण्याची आणि बूट झटकण्याची सवय लावावी. तिच्या चाव्यावर मात्र पट्टी बांधत नाहीत, बर्फ लावून वैद्यकीय मदत घेतात.

उन्हाबद्दल येथे महाराष्ट्राचा अनुभव कामाचा नाही. हवा गार असली तरी अतिनील किरणे तीव्र असू शकतात. हवामानाच्या अंदाजातला यूव्ही निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर टोपी, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या हव्यात, आणि मेलबर्नमध्ये ही स्थिती साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत असते.

आणखी एक धोका नव्या लोकांना अनपेक्षित असतो. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आले, गवताच्या परागकणांचे ओलाव्याने फुटून सूक्ष्म तुकडे झाले, हजारोंना एकाच वेळी दम्याचा झटका आला आणि १० जण दगावले. त्यांत यापूर्वी कधी दमा न झालेलेही होते, आणि भारतीय व अन्य आशियाई वंशाच्या लोकांना त्याचा त्रास विशेष झाल्याचे आढळले. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सतत शिंका, डोळ्यांना खाज सुरू झाली तर ‘हवापाणी बदलले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे, आणि व्हिक इमर्जन्सी या ॲपवर वादळी दम्याचा इशारा असेल त्या दिवशी वादळापूर्वीच घरात येऊन खिडक्या लावून घ्याव्यात.

आठवी पायरी: सहली

बाग शिकण्यासाठी बाहेर पडणे आवश्यक आहे, आणि मुलांनाही ते घरकामापेक्षा अधिक आवडते. मार्चच्या उत्तरार्धात कार्ल्टन गार्डन्समध्ये मोठे पुष्पप्रदर्शन भरते. पूर्व ब्रन्सविकमधील सेरेस या पर्यावरण उद्यानातली रोपवाटिका भाजीपाल्याच्या रोपांसाठी पाहण्यासारखी आहे. तेथील माणसे प्रश्नांना घाई न करता उत्तरे देतात. यारा नदीकाठचे रॉयल बोटॅनिक गार्डन १८४६ पासूनचे आहे आणि प्रवेश मोफत आहे. त्यातली लहान मुलांची बाग हिवाळ्यात काही आठवडे बंद असते. देशी झाडांची ओळख करून घ्यायची तर त्याचेच क्रॅनबर्न येथील उद्यान गाठावे. पश्चिमेकडे राहणाऱ्यांना वेरिबीची गुलाबबाग जवळ पडते आणि नोव्हेंबर ते एप्रिल ती फुललेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शालेय सुट्टीत डँडेनाँग डोंगररांगांतल्या सिल्व्हनला ट्यूलिपचा उत्सव असतो, आणि बेलग्रेव्हहून पफिंग बिली ही १९०० साली सुरू झालेली वाफेची छोटी गाडी सुटते. वसंतात, म्हणजे येथे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, डोक्यावर झेप घेणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांमुळे लहान मुलांनी घाबरून पळू नये, शांतपणे चालत दूर जावे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बॅकस मार्श किंवा यारा व्हॅलीतल्या मळ्यांत चेरी आणि स्ट्रॉबेरी स्वतः तोडता येतात. टोपलीसोबत टोपीही न्यावी.

सार्वजनिक उद्यानांत विजेवर चालणाऱ्या मोफत शेगड्या असतात. बटण दाबले की तवा तापतो, काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, मग पुन्हा दाबायचे. त्यावर आधी मांस भाजलेले असतेच, म्हणून शाकाहारी कुटुंबांनी ॲल्युमिनियम फॉइलचा मोठा तुकडा आणि उलथने घरून न्यावे. मक्याची कणसे, पनीर आणि कांद्याच्या जाड चकत्या उत्तम होतात. थालीपीठ मात्र घरून भाजून नेऊन तेथे नुसते गरम करावे, कारण तव्याची आच आपल्या हातात नसते. आपले झाल्यावर तवा पुसून ठेवणे ही येथली रीत आहे आणि पुढचा माणूस ते पाहत असतो. कडक उन्हाळ्यात निघण्यापूर्वी टोटल फायर बॅन जाहीर झाला आहे का हे पाहावे. त्या दिवशी कोळशाची किंवा लाकडाची शेगडी पेटवता येत नाही. समुद्रावर पोहायचे ते जीवरक्षकांनी रोवलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच, पोहता येत असले तरीही.

ॲडलेडच्या बाजूला गाडीने जाताना घरचे लिंबू, टोमॅटो, मिरच्या किंवा वाटेत घेतलेली फळे सोबत ठेवू नयेत. फळमाशी पसरू नये म्हणून साउथ ऑस्ट्रेलियात ती नेण्यास बंदी आहे, तपासणीत सापडल्यास दंड होतो, आणि सीमेजवळ रस्त्याकडेला त्यासाठी पिंपे ठेवलेली असतात. फळे तेथे येण्याआधीच खाऊन संपवावीत. डब्यातली शिजवलेली भाजी नेण्यास हरकत नाही.